राणी शांभवीची चार पानं

कुंभारी,
६ जानेवारी २०२५

ती. गौरम्मा आत्यास,
काव्याचे शरणु शरणार्थी. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि आमच्याकडे फोनवर बोललं की सगळ्या घराला ऐकू येतं, म्हणून हे पत्र. यंदा जत्रेतल्या नाटकात राणी शांभवी मी होणार! तीस वर्षं लुगडं नेसून वीरभद्रप्पाकाका राणी झाले. आता गुडघा वाकत नाही म्हणून जागा सुटली. दाढी करून पावडर थापणारी राणी गेली म्हणून सगळे चिडवतात, काका मात्र हसत नाहीत.

मला त्यांचाच संशय येतोय. अज्जांनी, म्हणजे तुझ्या वडिलांनी, हातानं लिहिलेली नाटकाची वही पहिल्यांदा माझ्या हाती आली. राणी दोन अंक शत्रूशी लढते, जिंकून दरबारात येते, तर गादीवर दीर बसलेला. ती तलवार उपसते आणि पुढची चार पानं गायब! पट्टी लावून सरळ फाडलेली. वहीत नाही ते रंगमंचावर बोलायचं नाही हा अज्जांचा दंडक, म्हणून काका दरवर्षी मुकाट्यानं तलवार दिराच्या पायाशी ठेवतात आणि पडदा पडतो. एवढी लढलेली बाई अशी गप्प बसेल का ग?

शिवाय काका दर मंगळवारी मोहोळला काम आहे म्हणून जातात आणि रिकाम्या हातानं येतात. काल त्यांच्या सदऱ्याच्या खिशात माढ्याचं तिकीट सापडलं. तुमचं बहीणभावाचं तर कित्येक वर्षं बोलणं नाही. मग माढ्यात कुणाकडे जातात? माझ्याऐवजी दुसरी राणी ठरवत असतील. तुला ऐकू येत नसलं तरी जरा कानोसा घे!

माया आहेच, ती पत्रानं कळव.
तुझी काव्या


माढा,
१२ जानेवारी

चि. काव्यास,
गौरम्माचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून ऊर भरून आला. आमच्या वेळी मुलीनं तोंडाला रंग लावायचा म्हटलं तर लोक घर डोक्यावर घ्यायचे.

काका इथं कुणाकडं येतात ते काही मला कळलं नाही. पण नजर ठेव. लई गप्प माणूस आहे तो, पोटातलं ओठावर येऊ देत नाही. माझं लग्न झालं त्या वर्षी राणीचं काम कुणाचं होतं आणि कुणी घेतलं, एवढं त्याला विचारून बघ. वही कुणाच्या हाती देऊ नको. शेंगाचटणी पाठवते, तालमीच्या नादात उपाशी राहू नको.

लोभ असू दे, आणि सावधही राहा.
तुझी आत्या


कुंभारी,
१९ जानेवारी

ती. आत्यास,
शरणु शरणार्थी.

तू सांगितलंस तसं विचारलं, तेही तालमीत, सगळ्यांसमोर. दुसऱ्या कुणाला मोठा शेवट मिळू नये म्हणून तुम्हीच पानं फाडलीत, असंही बोलून गेले. दिराचं काम करणारा दिग्विजय गादीवरून उठून उभा राहिला. काका म्हणाले की व्हय, मीच फाडली असं समज. तलवार माझ्या हातात दिली आणि घरी गेले. त्या दिवशी जेवले नाहीत.

कबूल केलं तरी मला बरं का वाटत नाही? ज्यानं फाडली तो असं समज कशाला म्हणेल? घरी येऊन वही पुन्हा चाळली. राणीच्या भाषणांच्या कडेला पेन्सिलीनं इथं श्वास घे, इथं थांब, असं लिहिलंय. ते अक्षर काकांचं नाही. तुझं पत्र शेजारी ठेवून पाहिलं, आत्या.

तू मला काय सांगितलं नाहीस? जत्रा दोन तारखेला आहे. शेवट मिळाला नाही तर मी काम सोडणार. मुकी राणी मला व्हायचं नाही.

रागावले आहे, तरी तुझीच,
काव्या


माढा,
२४ जानेवारी

चि. काव्यास,
आशीर्वाद.

पानं मी फाडली.

एकोणीस वर्षांची होते. राणीचं काम तुझ्या अज्जांनी मलाच दिलं होतं. दोन महिने घोकलं. जत्रेला आठ दिवस उरले आणि माझी सोयरीक जमली. नाटकवाली मुलगी म्हणून पाहुणे लग्न मोडतील, या भीतीनं अज्जांनी काम काढून अण्णाला, म्हणजे तुझ्या काकाला, दिलं. मी पट्टी लावून चार पानं काढली आणि लग्नाच्या पेटीत तळाशी घातली. शांभवी गादीवर बसेल तर माझ्या तोंडून, नाहीतर नाहीच. अण्णानं दारातून पाहिलं होतं. त्यानं ते आजवर कुणाला सांगितलं नाही, आणि अज्जांनीही ती पानं पुन्हा कधी लिहिली नाहीत. मी मात्र त्यानंच काम मागून घेतलं असं धरून बसले आणि बोलणं टाकलं.

गेले सात मंगळवार तो माझ्याच ओट्यावर येऊन बसत होता. पोरीला शेवट दे की गौरा, एवढंच कागदावर लिहून दाखवायचा. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही, वर तुला त्याच्याविरुद्ध लिहिलं. मला लाज वाटते ग. तुझ्या बोलण्याची माफी तू त्याच्याकडे माग, माझ्या वागण्याची मी येऊन मागते.

पानं सोबत आहेत. शांभवी दिराला सांगते की ती गादी मागायला आलेली नाही, बसायला आली आहे. ते म्हणताना पायरी चढ, थांबू नको. घडीवर शाई पुसट झालीय. तिथं शब्द लागला नाही तर पहिल्या रांगेत माझ्या ओठांकडे बघ. अण्णाला शेजारची खुर्ची धरून ठेवायला सांग. मला तुझं भाषण ऐकू येणार नाही, पण एक शब्द चुकलीस तरी कळेल.

तुझीच,
गौरम्मा आत्या