घासून पांढरं केलेलं प्रवाळ

बोरी, १९ मे १९९३

आईला आता काय म्हणू? समुद्रावरून प्रयोगशाळेत परतताना वाटेत घरी उतरले, हेच चुकलं. बॅगेत प्रवाळाचा तुकडा होता, अल्कोहोलच्या बाटलीत. आईला वाटलं, दारू! पोरीच्या बॅगेत! बाटली मोरीत ओतली आणि तुकडा चिंच-राखेनं घासून देवघरात मांडला.

“लय शेवाळ होतं बग त्याला. आता कसं पांढरंशुभ्र दिसायलंय!”

अगं, त्या शेवाळाचीच तर जनुकांवरून ओळख पटवायची होती मला! प्रवाळ जगतं ते त्याच्याच जिवावर. सरांना काय सांगू? आईनं घासलं?

समुद्रात प्रवाळ असं पांढरं पडलं की आम्ही समजतो, शेवाळ सोडून गेलं, आता ते मरायला टेकलं. इथं आईनं त्याला हळदकुंकू वाहिलंय, आणि मला म्हणते, पाया पड.