बिलोलीचं स्थळ

वन्सं,

बिलोलीच्या पाहुण्यांनी चालून दाखव म्हटल्यावर उज्वला लंगडली आणि तुम्ही आणलेलं स्थळ मोडलं. खरं सांगते, तिचा पाय धड होता. लंगडायला मीच सांगितलं.

"आई, मैदानात असलं नाटक केलं की पंच कार्ड दाखवतात," ती चिडली होती.

"ते कार्ड मला दाखवू देत. तू लंगड."

परवा लातूरला विद्यापीठाच्या फुटबॉल संघाकडून तिनं दोन गोल केले. त्याच सकाळी तुम्ही तिच्या पायासाठी अनवाणी माहूरचा गड चढलात. संध्याकाळी फोनवर विचारलंत, "आता कसं हाय पोरीला?"

"दुखतंय अजून," मी म्हणाले.

हे पत्र धाडलं, तर तुम्ही लगेच दुसरं स्थळ आणाल. स्पर्धा अजून महिनाभर आहे. तोवर तिचा पाय दुखणारच. तुमचे तळवे कसे आहेत, हे मात्र मला विचारता आलं नाही.

तुमची भावजय,
राजश्री