कोमट काचेचा दिवा

सोमवार, ७ जानेवारी १९६३

डॉक्टरांनी बोलायला बंदी केली म्हणून हे लिहिते आहे. दुसरं काही कारण नाही. रोजनिशी लिहिणाऱ्या बायकांबद्दल माझं मत फारसं बरं नव्हतं – आता मीही त्यांच्यातच जमा!

स्वरयंत्रावर गाठ आहे. शरद सरल्यापासून घसा बसलेला. मी दाद दिली नाही. आज डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं. "कार्निव्हल संपेपर्यंत एक शब्द नाही. कुजबुज तर मुळीच नाही, ती जास्त वाईट. फेब्रुवारीअखेर, कार्निव्हलच्या दुसऱ्या दिवशी, राखेच्या बुधवारी परत या." मग हसून, "वाउटर्स बाई, तुम्हाला जमायचं नाही, मला माहीत आहे."

असं म्हटल्यावर जमणारच.

घरी येऊन धाकट्या बहिणीला पाटीवर लिहून दाखवलं. फीननं वाचलं, खुर्चीत बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "ताई! या घरात मला बोलायची पाळी येईल असं वाटलं नव्हतं गं!" आणि जी सुरू झाली ती अजून चालूच आहे.

मंगळवार, ८ जानेवारी

गळ्यात पाटी अडकवून दिव्यांच्या कारखान्यात गेले. फाटकावर कोणी हसलं नाही. हसायची हिंमत नाही.

दिवे मोजायची खोली लढाई संपल्यापासून माझ्याकडे आहे. तिथे तीन नियम, तिन्ही माझे. प्रत्येक दिव्याला वीजप्रवाह सारखाच द्यायचा – लाडका-दोडका नाही. ज्यानं दिवा बनवला त्यानं आपल्या दिव्याचा आकडा वाचायचा नाही. आणि आकडा मोठ्यानं म्हणायचा, दुसऱ्यानं तो तसाच परत म्हणायचा, मगच कागदावर. पुटपुटलेला आकडा मी मानत नाही. पुटपुटलं की ऐकणारा आपल्या मनासारखं ऐकतो.

आता म्हणायचं काम माझ्या मदतनीस नेलकडे. मी तिचा आकडा पाटीवर लिहून दाखवते; तेच माझं परत म्हणणं. नेल हुशार आहे, पण आवाज भिंतीमागच्या उंदराचा. पाटीवर लिहिलं – "मोठ्यानं!" ती म्हणाली, "हो बाई." मला ऐकूच आलं नाही.

गुरुवार, १० जानेवारी

गील तिमरमान्सचा दिवा मोजला. कमी पडला!

हा गील आमचा तरुण इंजिनियर. कोटाला कायम एक बटण कमी. रस्त्यावरच्या पिवळ्या सोडियमच्या दिव्यामागे लागला आहे. त्या दिव्याचं सगळं गणित उष्णतेचं. आत नळी, नळीत सोडियम. नळी दोनशे साठ अंशांवर राहिली तर उत्तम उजेड. थंड पडली तर सोडियमची वाफच होत नाही. म्हणून नळीवर काचेचं आवरण घालून मधली हवा काढून टाकतात, थर्मॉससारखी. जुन्या दिव्यात मध्ये आणखी काचेचे दोन झगे असतात. गीलनं ते झगे काढून टाकले. बाहेरच्या काचेला आतून कथिलाच्या ऑक्साइडचा थर दिला – डोळ्याला दिसतही नाही. उजेड बाहेर जाऊ देतो, उष्णता आरशासारखी आत परतवतो.

कल्पना सुंदर आहे. आकडा नाही. जुना दिवा एका वॅटमागे एकशे सहा ल्युमेन उजेड देतो. गीलचा – नेल उंदराच्या आवाजात म्हणाली – अठ्ठ्याण्णव.

"सुई आंधळी आहे तुमची!" गील ओरडला. मी पाटीवर लिहिलं – "सुईला डोळे नसतात म्हणूनच ती खरं सांगते."

संध्याकाळी लाउमन साहेब आले. आमचे डायरेक्टर; गोड माणूस, निर्णय मात्र कडू. मास नदीच्या काठानं नवा रस्ता होतो आहे. रस्तेखात्याचे बॉस्मा कार्निव्हलच्या आधीच्या गुरुवारी दिवा बघायला येणार. "तोवर झग्यांच्या दिव्याला मागे टाकलं तर ठीक, गील. नाहीतर जुनाच दिवा दाखवू आणि तुझी थराची भट्टी मी विझवतो. चार वर्षं झाली रे बाबा."

गीलनं कोटाचं रिकामं काज चाचपलं. बोलणारा माणूस गप्प बसला की वाईट दिसतं. माझंही तसंच दिसत असेल.

मंगळवार, १५ जानेवारी

आणखी पाच दिवे. पाचही मंद. एक शब्द बोलले नाही!

शुक्रवार, १८ जानेवारी

आज जे पाहिलं ते नीट लिहिते.

फ्रिसलंडमध्ये अकरा गावांची स्केटिंगची शर्यत होती. एवढ्या हिमवादळात माणसं बर्फावर पळताहेत म्हणून अख्खा कारखाना जेवणघरातल्या रेडिओला चिकटलेला. नेलला मीच पाटीवर लिहून जा म्हटलं. मला त्या घोळक्यात काय करायचं? ओरडता येत नाही.

एकटीच मोजायच्या खोलीत बसले. आमचा पांढरा गोळा माणसाहून उंच आहे. दिवा त्याच्या पोटात टांगायचा, बाहेर सुई उजेड दाखवते. गीलचा एक दिवा टांगला आणि चालू केला. दिवा तापून स्थिर झाल्याशिवाय सुई वाचत नाही आम्ही. तोवर मी नेहमी कारखान्यात फेरी मारते. कोण कुठे चुकतंय ते पाहते, सांगते. या आठवड्यात सांगता येत नाही, मग फेरी कशाला? बसून राहिले. सुईकडे पाहत.

सुई चढली. झग्यांच्या दिव्याच्या खुणेपर्यंत आली. खूण ओलांडली! चढतच राहिली – इतक्या वर्षांत त्या जागी सुई मी पाहिलेली नाही. तिथे क्षणभर थांबली. मग हळूहळू उतरू लागली. उतरत उतरत अठ्ठ्याण्णवच्या जागी येऊन बसली, शहाण्या मुलीसारखी.

दिवा विझवून थंड केला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. चढली, ओलांडली, उतरली.

थर वाईट नाही. थर फार चांगला आहे! उष्णता इतकी धरून ठेवतो की नळी दोनशे साठच्या पुढे तापते, वाफ दाट होते आणि स्वतःचाच उजेड गिळते. दिवा थंडीनं मरत नव्हता. उकडत होता. आणि उकडवत होतो आम्ही – सारखा प्रवाह देऊन.

एवढं कळलं आणि सांगायला तोंड नाही! जेवणघरात गेले. गील टेबलावर चढून रेडिओवाल्यापेक्षा मोठ्यानं ओरडत होता. त्याचा पाय धरून खाली ओढला.

"बाई, शेवट जवळ आलाय हो!"

पाटी – "प्रवाह कमी कर."

"कमी? आधीच मंद आहे तो! उपाशी मारायचाय का?"

मी त्याच शब्दांखाली दोन रेघा मारल्या. खडू मोडला. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि माझ्याआधी जिन्यावर पोचला.

सोमवार, २१ जानेवारी

प्रवाह उतरवत नेला. नेल आकडे म्हणत गेली – एकशे नऊ, एकशे सतरा, एकशे सव्वीस. तिचा आवाज आपोआप चढत गेला. एकशे एकतीसवर जिन्याखालची माणसं वर बघू लागली.

कमी वीज दिली आणि उजेड वाढला. गील भिंतीला टेकून खालीच बसला. "बाई, माझे आजोबा असते तर तुमची पापी घेतली असती." पाटी – "आजोबांना माझा नमस्कार. दुसरा दिवा लाव."

बुधवार, २३ जानेवारी

अपेक्षेप्रमाणे लाउमन साहेब. "पण वाउटर्स बाई, सारखा प्रवाह हा नियम तुमचाच! उद्या बॉस्मा म्हणतील, आपल्याला हवा तो प्रवाह लावून हवा तो आकडा काढला."

बरोबर बोलले. काल रात्रभर माझ्याही मनात तेच होतं. सकाळी पाटीवर उत्तर लिहून तयार ठेवलं होतं – "उघड्या माणसाला आणि लोकरीचा कोट घातलेल्याला सारखीच शेगडी द्यायची, हा न्याय नव्हे. प्रत्येक दिव्याला त्याचा सर्वोत्तम प्रवाह. झग्यांच्या दिव्यालाही."

झग्यांच्या दिव्याचाही सर्वोत्तम प्रवाह शोधला. एकशे आठ. त्याच्यावर अन्याय केला असं कोणी म्हणू नये.

भिंतीवरच्या कागदावरचा पहिला नियम खोडून नवा लिहिला. माझ्याच अक्षरात. नेल म्हणाली, "बाई, तुम्ही खोडलेलं मी पहिल्यांदाच पाहते आहे." मीही.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

अंगणातल्या खांबावर नवा दिवा लावला आहे, उघडा. आज पहारेकरी तक्रार घेऊन आला. "बाई, तो नवा नादुरुस्त आहे. शेजारच्या जुन्यावरचं बर्फ वितळून गेलं, याच्यावर तसंच बसून आहे. आतून ऊबच नाही त्याला!"

पाटी – "उजेड?"

"उजेड काय, बक्कळ आहे. पण बर्फ, बाई!"

त्याला कोपऱ्यावरच्या दुकानातून चेरीचा व्लाय, आमच्याकडचा गोड पाय, आणून दिला, अख्खा. तो अजून विचार करत असेल का म्हणून.

मंगळवार, १९ फेब्रुवारी

सगळीकडे कार्निव्हलची तयारी. नेल लाल रिबिनी बांधून आली आणि आमच्या पिवळ्या उजेडात त्या काळ्याकुट्ट दिसल्या. "बाई, मी तर अंत्ययात्रेला निघाले!" म्हणून हसली. चांगल्या मोठ्यानं हसली.

फीन म्हणते, "ताई, तू बोलत नाहीस तर लोक मला विचारतात, बहीण आजारी आहे का. मी म्हणते, छे, सुधारली आहे." सहा आठवडे तोंड मिटून आहे. डॉक्टर हरले.

परवा बॉस्मा. आकडे नेल म्हणेल. तिला रिकाम्या भांडारात उभं करून घोकून घेतलं. शेवटच्या कपाटापर्यंत ऐकू गेलं.

गुरुवार, २१ फेब्रुवारी

बॉस्मा आले – लांब, कोरडे, हातमोजे न काढता हस्तांदोलन करणारे. आधी टेबलावरच्या पेटलेल्या दिव्यापुढे उभे राहिले. हातमोजा काढला. काचेवर तळहात ठेवला. ठेवूनच उभे.

"कोमट आहे. हा पेटलाय की रंगवलाय?"

गील म्हणाला, "साहेब, उष्णता आतच ठेवलीय. बाहेर फक्त उजेड सोडतो." छान बोलला. बटण आज लावलेलं होतं.

मग गोळ्यातलं मोजमाप. वॅट, उजेड, भागाकार. सगळं ठीक. नेलनं छाती भरून श्वास घेतला – तेवढ्यात बॉस्मांनी हात वर केला.

"ही कोण?"

लाउमन साहेब घाईनं म्हणाले, "बाईंची मदतनीस. बाईंचा घसा..."

"प्रत्येक कारखान्याचा दिवा जगात सर्वोत्तम असतो, लाउमन. विकणाऱ्यांचे आकडे मी खूप ऐकले. या खोलीत मी एकाच आवाजावर विश्वास ठेवत आलो आहे. तो आजारी असेल तर मी उन्हाळ्यात येतो."

उन्हाळ्यात! तोवर रस्त्यावर दुसऱ्या कोणाचे दिवे लागले असते. गीलचा चेहरा त्या उजेडात मेल्यासारखा दिसत होता. सगळ्यांचेच दिसतात, पण त्याचा खरंच तसा होता.

पाटी खाली ठेवली. सुईपुढे गेले, कागदावरचा भागाकार पुन्हा तपासला. उभी राहिले.

"एकशे एकतीस."

फाटलेला, घोगरा आवाज. पण पुटपुटले नाही. दारापर्यंत गेला.

आणि माझ्या मागून, स्वच्छ, खणखणीत – "एकशे एकतीस!" नेल.

बॉस्मांनी लिहून घेतलं. हातमोजा घातला. "नदीकाठचा अख्खा रस्ता," म्हणाले. "आणि बाई, घशाला जपा."

गील बाहेर बर्फात जाऊन कोणाचं तरी नाव घेऊन ओरडत होता. आजोबांचं असावं.

शुक्रवार, २२ फेब्रुवारी

मला फार अभिमान वाटतो आहे. हे दुसरीकडे कुठे म्हणणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. गीलचाही वाटतो. त्याला कळता कामा नये.

बुधवार, २७ फेब्रुवारी – राखेचा बुधवार

कपाळाला राख लावून थेट डॉक्टरांकडे. गाठ साधी नाही. मंगळवारी नायमेखनच्या इस्पितळात स्वरयंत्र काढतील. आकडा म्हटला म्हणून नव्हे, डॉक्टर म्हणाले. ती आधीपासूनच तशी होती. म्हणजे माझ्या आवाजाचा शेवटचा शब्द एकशे एकतीस. बरोबर होता.

आज दुपारी नेलच्या ताब्यात दिलं : मोजायच्या खोलीच्या किल्ल्या. पांढऱ्या गोळ्याची किल्ली. तुलनेचे तीन दिवे, मऊ कापडात गुंडाळलेले. भिंतीवरचा नियमांचा कागद. माझं उंच स्टूल.

एकेक वस्तू तिनं मोठ्यानं म्हटली, मी पाटीवर परत लिहिली. पाटी दिली नाही.