पहिलं नाव कडूबाचं

१ फेब्रुवारी १९८७, रविवार

डोक्यात नुसती आग आहे. नानासाहेबांच्या कापडदुकानात आज क्लबची बैठक झाली. नानासाहेब अध्यक्ष, हबीबभाई कोच, अन् मी. तिघांची निवड समिती म्हणे! समिती कसली – ते दोघं बोलतात अन् मी चहा पितो.

पदमपुरा स्टार सलग दोन वर्षं आठवा. आठ क्लबांत आठवा! औंदा तिसऱ्यांदा शेवटी आलो तर नियमाप्रमाणं लीगमधून बाहेर. पंचवीस वर्षांचा क्लब. आमखास मैदानावर आमच्या क्लबाची पहिली चुन्याची रेघ मी ह्या हातानं मारलेली आहे.

शेवटी येण्याचा फायदा एकच – निवडीत पहिलं नाव आपण घ्यायचं. प्रत्येक क्लबानं सहा जुने गडी ठेवायचे, बाकी सगळे एका यादीत, अन् मग पाळीनं एकेक नाव. दोन वर्षं आम्ही पहिलं नाव फॉरवर्डचं घेतलं. औंदा? "फॉरवर्डच!" – नानासाहेब.

अरे, गेल्या साली सात सामन्यांत आपण चौदा गोल केले. चौथा आलेल्या क्लबानं बाराच केले होते! अन् आपण खाल्ले किती? एकतीस. घागरीला बूड नाय अन् हे पाणी ओतत बसलेत!

मी म्हटलं, पहिलं नाव गोलकीपरचं घ्या. हबीबभाईंच्या नाकात चहा गेला. "गोलकीपर पहले? क्या तात्या! गोलकीपर तो बचा हुआ आदमी होता!"

हे मात्र खरं बोलले. आपल्या लीगची रीतच ती. निवड झाली की जो उरला, ज्याचा गुडघा दुखतो, ज्याला पळवत नाय, तो गोलात उभा. आमचा सांडू तसाच उभा राहिला. चेंडू आला की वाट द्यायचा बिचारा.

३ फेब्रुवारी

आज बसस्टँडवर ड्युटी लावताना हाच विचार. एकतीस वर्षं एसटीत काढली. गाडी पळवणारे शंभर मिळतात. पण ब्रेक लागत नसलेली गाडी मी एक दिवस फाटकाबाहेर सोडली नाय – मग ड्रायव्हर कितीही वस्ताद असो. फुटबॉलात हे कुणाच्या टाळक्यात कसं शिरत नाय!

८ फेब्रुवारी, रविवार

आता खरा पेच. पुंजाचा अर्ज यादीत आला.

पुंजाराम माझा धाकटा. एकवीस वर्षांचा, कॉलेज संपलं, यादीत औंदा पहिल्यांदाच. फॉरवर्ड. अन् चांगला आहे – बाप म्हणून नाय, बघणारा म्हणून लिहितोय. पेनल्टी तर त्याची चुकत नाय. डोळे उजवीकडं, चेंडू डावीकडं! हे मीच शिकवलं, डेपोच्या मागच्या भिंतीवर चुन्यानं गोल आखून. तेव्हा तो सात वर्षांचा होता. ही खोड आम्हा दोघांनाच ठाऊक.

सगळा पदमपुरा धरून चाललाय की पहिलं नाव तात्याच्या पोराचं. माझ्या बायकोनं, सरूनं तर शेजारच्या आवडाबाईला सांगून पण टाकलं. पुंजा काय बोलत नाय, पण बूट तीनदा पॉलिश केले.



१२ फेब्रुवारी

सापडला! सापडला!!

शहागंजात टरबूज घ्यायला गेलो होतो. फुलंब्रीकडनं ट्रक आलेला. वरचा माणूस टरबुजं फेकतोय अन् खाली एक काळासावळा उंच गडी झेलतोय. झेलायचं, वळायचं, मागं ढिगावर अलगद ठेवायचं, की पुन्हा दोन्ही हात वर. वरचा मुद्दाम आडवं-तिडवं फेकायचा, ह्याला चिडवायला. एक डावीकडं, एक डोक्यावरनं, एक पार पायाशी. एक पडलं नाय! मी पाऊण तास उभा. टरबूज घ्यायचं राहिलंच.

नाव कडूबा. रोज फुलंब्रीहून ट्रकवर येतो. म्हटलं, फुटबॉल खेळलास का कधी? "शाळंत गोलात उभा करायचे. पळायला येत नव्हतं म्हणून." म्हटलं, टरबूज कधी फुटलं का हातनं? जरा रागानंच बघितलं माझ्याकडं. "फुटल्यावर मालक ठेवील व्हय?"

अर्ज मीच भरला, त्यानं सही केली.

२२ फेब्रुवारी, रविवार

मैदानावर चाचणी. आपल्याकडची चाचणी म्हणजे – दोन दगड, मधे कुणीच नाय, अन् पोरं धडाधड गोल मारतात. बघणारे खूश! मी कडूबाला दगडांच्या मधे उभा केला. त्यानं पहिले नऊ चेंडू धरले. नऊच्या नऊ! तर छावणी क्लबाचे व्यंकटराव ओरडले, "ओ, त्याला बाजूला घ्या हो! पोरांचा खेळ दिसंना!"

काढला त्याला. मी पोट धरून हसलो. एवढं डोळ्यासमोर अन् एकालाही दिसत नाय.

२८ फेब्रुवारी

समितीनं ठरवलं. दोन विरुद्ध एक. पहिलं नाव – पुंजाराम. नानासाहेब पाठीवर थाप मारून म्हणाले, "तात्या, तुमचंच लेकरू अन् तुम्हीच विरोधात? लोक आपला तो बाळ्या म्हणतात!"

उद्या नाव पुकारायचं मीच. क्लबाचा सगळ्यात जुना माणूस उभं राहून पुकारतो, ही पहिल्यापासूनची रीत. अन् तोंडातून गेलेलं नाव परत घेता येत नाय, ही पण रीतच.

सरूनं सदऱ्याला इस्त्री केली.

१ मार्च, रविवार

केलं!

शाळेचा हॉल खच्चून भरलेला. पुंजा तिसऱ्या रांगेत, नवा शर्ट. कडूबा दाराशी उभा – ट्रकवरनं थेट आलेला, बाह्यांना माती. नानासाहेबांनी माझ्या हातात चिठ्ठी दिली. उघडली. "पुंजाराम." नानासाहेबांचं अक्षर सुंदर आहे.

उभा राहिलो. एकतीस गोल आठवले. सांडू आठवला. आमखासवरची ती पहिली रेघ आठवली. पुंजाकडं बघितलं नाय – बघितलं असतं तर जमलं नसतं.

म्हटलं, "पदमपुरा स्टार – कडूबा, फुलंब्री!"

 मग असा हशा की पत्रे हलले! कुणीतरी ओरडलं, "टरबूजवाला!" नानासाहेब लालबुंद – "उचलली जीभ लावली टाळ्याला! तात्या, हे काय केलं?" हबीबभाई कपाळाला हात लावून बसले. पण रीत म्हणजे रीत. गेलं ते गेलं!

दुसरं नाव छावणीचं. व्यंकटरावांनी श्वास घेतला नाय – "पुंजाराम!" टाळ्या. पुंजा उठला, छावणीच्या बाकावर जाऊन बसला. ताठ.

हसू द्या. हसतील त्यांचे दात दिसतील.

२ मार्च

सरू म्हणाली, "सोताच्या लेकराचं नाव तोंडात येईना?" एवढंच. भाकरी ताटात आपटली. पुंजा सैपाकघरात बसून जेवला.

८ मार्च, रविवार

काय लिहू! पहिला सामना बेगमपुऱ्याशी. सत्तर मिनिटं कडूबानं सगळं धरलं. सगळं! माझी मान वर. मग एक साधा, संथ चेंडू आला. कडूबानं झेलला. वळला. अन् मागं अलगद ठेवला – रेघेच्या आत. ढिगावर ठेवतात तसा!

अन् पुन्हा दोन्ही हात वर करून पुढच्या टरबुजाची वाट बघत उभा.

हरलो. शून्य-एक. मैदान लोळत होतं हसून. नानासाहेबांनी माझ्याकडं बघितलं पण नाय. कडूबाला कळेना काय झालं ते. कळल्यावर ढसाढसा रडला, एवढा बाप्या! म्हणाला, "तात्या, हाताला सवय हाय वो. डोकं सांगतंय, पण हात ऐकंना."

९ मार्च

डोकं फोडून घेण्यापेक्षा डोकं चालवलं. शहागंजात गेलो, ट्रकवाल्याच्या हातापाया पडलो. आजपासून ढीग कडूबाच्या मागं नाय – पुढं! झेलायचं अन् पुढं ठेवायचं. सवय डोक्यानं सुटत नाय, सवयीनंच सुटते. ट्रकवाला म्हणाला, "तात्या, तुमचं येड लई मोठं हाय." व्हय, आहे.

१४ मार्च

शून्य-शून्य. दोनदा मागं वळला, दोनदा सगळे मिळून ओरडलो – "पुढं!" – अन् थांबला. बरोबरी! गेल्या साली ह्याच क्लबानं आम्हाला सहा घातले होते.

२२ मार्च

एक-शून्य!! जिंकलो!

२९ मार्च

दोन-शून्य. हबीबभाई आज शेजारी येऊन बसले.  मग म्हणाले, "तात्या, मैंने वो चाय वाली बात बोली थी ना... छोड़ दो." सोडलं, म्हटलं. पण अजून दोनदा बोलायला लावलं.

उद्या पाडवा. सरूनं गुढीला नवं पातळ लावायला काढलंय. माझ्याशी चार वाक्यं बोलली. पुंजा नाय.

५ एप्रिल, रविवार

एक-शून्य. पाच सामने, खाल्लेला गोल एक – तो पण आमचाच आम्ही ठेवलेला! आता काहीही झालं तरी आम्ही शेवटी येत नाय. क्लब वाचला! मैदानावर गूळ वाटला. नानासाहेब चार लोकांना सांगत होते, "आमची पहिल्यापासून योजनाच होती, आधी गोलकीपर." मी ऐकलं. गूळ खाल्ला. म्हणू दे.

शाळेतली पोरं रस्त्यात एकमेकांकडं चेंडू फेकत होती अन् गोलात उभं राहायला भांडत होती. गोलात उभं राहायला! हे बघायला पंचवीस वर्षं लागली.

१२ एप्रिल

पुन्हा जिंकलो. आता शेवटचा सामना छावणीशी. ते एका गुणानं पुढं. जिंकलो तर लीगची ढाल आपली, बरोबरी झाली तर त्यांची. त्यांचे सर्वांत जास्त गोल कुणाचे? पुंजाचे. नऊ.

घरात त्याच्या नऊ गोलांचं कौतुक करायची पण चोरी. मनात केलं.

१४ एप्रिल

कडूबानं आज शहागंजात हळूच विचारलं, "तात्या, पेनल्टी झाली तर पुंजादादा कुणीकडं मारतेत?" मी म्हटलं, मला काय ठाव. त्याचं तो जाणे. अन् निघून आलो.

१९ एप्रिल, रविवार

ढाल पदमपुऱ्याला!!! घाईत लिहितोय, अक्षर लागलं तर लागलं.

पन्नासाव्या मिनिटाला आमचा गोल. कुणाचा? सांडूचा! गोलातनं सुटलेला सांडू फॉरवर्ड खेळला अन् गुडघ्यानंच मारला – त्याच दुखऱ्या! मग छावणी अंगावर आली. कडूबानं किती धरले मोजले नाय. पुंजाचे चार तर नक्की.

शेवटची दोन मिनिटं. आमच्या गड्याचा हात लागला. पेनल्टी.

पुंजानं चेंडू ठेवला.  सरू आली होती, बायकांच्या घोळक्यात उभी – पदर तोंडात. मी खाली बसलो. 

पुंजानं उजवीकडं बघितलं. मारला. कडूबा पुंजाच्या डाव्या अंगाला असा झेपावला की चेंडू निघायच्या आधीच निघाला वाटलं. अन् नुसता अडवला नाय – धरला! दोन्ही हातांत, छातीशी!

उठला. अन् वळला. मागं वळला!  अख्खा पदमपुरा एका सुरात – "पुढं! कडूबा, पुढं!" हबीबभाई – "आगे रे आगे!" नानासाहेबांची टोपी हवेत. कडूबा थांबला. रेघेकडं बघितलं. हसला! अन् वळून असा लाथाडला की चेंडू पार मैदानाबाहेर, रस्त्यावर.

शिट्टी.

मला खांद्यावर घेतलं, छप्पन वर्षांच्या माणसाला! नानासाहेब रडत होते. कडूबाच्या हातात ढाल दिली तर त्यानं आधी पुसली अन् मग जपून पुढं ठेवली. पुढं!

पुंजानं कडूबाशी हात मिळवला. माझ्याकडं आला नाय. बूट हातात घेऊन अनवाणी घरी गेला.

२० एप्रिल

बसस्टँडवर ड्रायव्हर-कंडक्टरांनी हार घातला. वैजापूर गाडीचा कंडक्टर म्हणाला, "तात्या, पुढल्या साली आमच्या गावच्या क्लबाचं पण पहिलं नाव तुम्हीच घ्या." म्हटलं, आधी ब्रेकवाला शोधा, मग बोलवा!

२६ एप्रिल, रविवार

पुंजा आज दुपारी माझ्या ताटाशेजारी येऊन बसला. आठ आठवड्यांनी. म्हणाला, "तात्या, तुम्ही त्याला सांगणार हे मला ठाव व्हतं. म्हणून उजवीकडं मारायचं ठरवलं व्हतं. पण पाय ऐकंना. लई पक्कं शिकवलं व्हतं तुम्ही." हसला. अर्धी भाकरी मोडून माझ्या ताटात ठेवली. मला मान वर करता आली नाय.

चौदा तारखेचं वर लिहिलंय ते खोटं आहे. कडूबाला मी सांगितलं होतं.