मकनीन कुणाला दिलास?

प्रिय वर्दिया सिस्टर,

सहा वर्षं हे पत्र टाळलं, ते आधी कबूल करतो. पहिल्या वर्षी सार्डिनच्या बोटीवर होतो, तिथे कागद हातात घेतला की भिजायचा. मग जंगलात बुचाची साल काढायला गेलो, तिथे कागद कोरडा होता पण शब्द सुचेनात. पुढे पुढे तर नुसती लाज वाटत राहिली. आज मात्र टाळून चालणार नाही. इथे वाळवंटाकडच्या तोलगा गावात सुंदुस नावाची चौदा वर्षांची मुलगी आहे. तिला जगवायचंय. तुमच्या वॉर्डात जागा झालीय, पण तिचा बाप दारात आडवा उभा आहे.

आधी मी कोण ते सांगतो, कारण तुमच्याकडे माझ्यासारखे ढिगाने आले असतील. अन्नाबा शहरातला नदीर. हेडमास्तरांच्या गाडीची काच फोडली, गणिताच्या मास्तरांवर खुर्ची उचलली, तो. कागदावर वर्तनविकार लिहून मला तुमच्या टेबलासमोर बसवलं होतं. आई तुम्हाला माझी पापं वाचून दाखवत होती. 'बापावर गेलाय, सिस्टर. झोपत नाही, जेवत नाही, वर मलाच शिव्या. आणि आता तर येडाच झालाय. आपला मकनीन शेजारच्या त्या बावळट रदवानला फुकट देऊन आला! एवढासा लाल तोंडाचा पक्षी, पण गळा काय त्याचा! आमच्या गल्लीत माणूस एक वेळ बायकोला माहेरी धाडेल, पण मकनीन देणार नाही.' तुम्ही तोवर भराभर लिहीत होता. मकनीनचं ऐकलं आणि पेन खाली ठेवलंत. आईला कॉफी प्यायला बाहेर पाठवलंत. ती उठली, तेव्हा मी दाराकडे बघत होतो. पळायचा बेत होता, खोटं कशाला बोलू.

काच का फोडली हे मला सगळ्यांनी विचारून झालं होतं. तुम्ही विचारलंत, 'मकनीन रदवानलाच का दिलास?' मी म्हटलं, तो दाणापाणी वेळेवर करतो. 'आणि तू करणार नव्हतास?' मी पुन्हा दाराकडे बघितलं. मग तुम्ही जे विचारलंत ते आमच्याकडे कुणी कुणाला विचारत नाही. 'नदीर, मरून जावं असं मनात येतं का?' असं, चहात साखर किती हे विचारावं तसं. घरी एकदा मी तो शब्द अर्धा उच्चारला होता, तर आईने तोंडावर हातच ठेवला. 'अभद्र बोलू नकोस, बला टळो!' मायेनेच केलं तिने ते. पण शब्द आतच राहिला ना. तुमच्यासमोर मी आधी हसलो, मग बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली, मग हो म्हणालो. तुम्ही दचकला नाहीत. कधीपासून, आजही का, काही ठरवलंयस का, एकेक विचारत गेलात. म्हणालात, 'हे मी गुपित ठेवणार नाही. पण कुणाला सांगणार ते आधी तुला सांगीन.' तो आठवडा मी तुमच्या वॉर्डात काढला. तिसऱ्या दिवशी रदवान पिंजरा घेऊन खिडकीखाली उभा राहिला, हे तुमचंच काम, मला माहीत आहे. मकनीन अजून आईकडे आहे. म्हातारा झालाय, पण गातो.

कुठे होतो? हां, तोलगा. मी इथे खजुराच्या तोडणीला आलोय. इथला खजूर नाजूक, घड वरून टाकता येत नाही. झाडाच्या बुंध्याला एकाखाली एक माणसं चिकटतात आणि घड हातोहात खाली येतो. कुणी मध्येच हात काढला तर वर्षाची मेहनत मातीत. आमच्या टोळीचे मुकादम लखदरकाका, सुंदुसचे वडील. आवाज असा, की नुसतं बोलले तरी शेजारच्या बागेतली गाढवं थांबतात. पोरीचा आवाजही तसाच. बाईंच्या कानफटात दिली म्हणून शाळेतून काढली, दोनदा बसमध्ये बसून पळाली, खजूर निवडायला बसवली तर पेटी उलथून शेजारणीच्या झिंज्या धरल्या. लखदरकाका म्हणायचे, 'मुलगी नाही, विंचू पाळलाय मी.' मला ती 'ए खारवलेल्या मासळी' म्हणायची, समुद्राकडचा म्हणून.

परवा सकाळी ती एकदम गोड वागायला लागली. भांडण नाही, शिवी नाही. निवडणाऱ्या बायका खूश. 'लखदर, मिठाई वाट, पोर सुधारली तुझी!' तिने कानातले डूल काढून ज्या मुलीच्या झिंज्या धरल्या होत्या तिला दिले. फुटबॉलचा शर्ट चुलतभावाला. मी झाडावर चढत होतो तर खालून हाक मारून तिचे हेडफोन माझ्या खिशात कोंबले. म्हणाली, 'घे, नदीरदादा.' सिस्टर, दादा! मी अर्ध्या बुंध्यावर पोचलो, हातात घड आला, आणि तुमचं ते पेन खाली ठेवणं आठवलं. मी हात काढला. घड पडला. वरून लखदरकाकांनी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि मी घसरत, पोट सोलून घेत खाली आलो.

ती पाटाच्या काठावर बसली होती. बायका दिसत होत्या, पण ऐकू जाणार नाही एवढ्या लांब. मी शेजारी बसलो आणि तुमचाच प्रश्न विचारला, तुमच्याच आवाजात विचारायचा प्रयत्न केला, पण माझा फाटला. ती म्हणाली, 'म्हण ना, बला टळो म्हण. सगळे म्हणतात.' मी म्हणालो नाही. मग ती रडली, आणि सांगितलं. शेवटी म्हणाली, 'आज.' मी म्हटलं, हे मी लपवणार नाही, आईला सांगणार, आणि तुझ्यासमोरच सांगणार. मला चावली ती. खरंच चावली, मनगटावर दात उमटलेत. मी उठलो नाही. तिथूनच हाक मारून तिच्या आईला, मबरुका काकूंना, बोलावलं.

काकूंचा हात आधी मुलीच्या तोंडाकडेच गेला, माझ्या आईसारखा. आणि मग, सिस्टर, त्यांनी तो हात मागे घेतला. एवढंच म्हणाल्या, 'बोल.' मी आयुष्यात बरंच पाहिलंय, वाळूचं वादळ पाहिलंय, पण असं काही पाहिलेलं नाही. त्यानंतर सगळं भराभर झालं. घरातली औषधं कुलपात गेली, किल्ली काकूंच्या गळ्यात. मावश्यांनी पाळ्या लावल्यात, पोरगी क्षणभर एकटी नसते. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई त्याच दिवशी आल्या, रोज येतात, त्यांनीच तुम्हाला फोन केला. काल सुंदुसने वाडगाभर शोरबा प्यायला आणि डॉमिनोत मला तीनदा हरवलं. 'मासळीला डोकं असतं, पण त्यात काही नसतं,' म्हणाली. मी इतका हसलो की मावशी धावत आली.

अडले ते लखदरकाका. सगळ्या टोळीसमोर ओरडले, 'माझी मुलगी वेड्यांच्या इस्पितळात? उद्या तिला कोण करून घेईल? हे सगळं या भटक्याने तिच्या डोक्यात भरवलंय. तो शब्द माझ्या घरात निघणार नाही. आणि तू मला पुन्हा तोंड दाखवू नकोस.' कामावरून गेलो, ते असू दे, मला सवय आहे. पण भरतीच्या कागदावर बापाची सही लागते.

म्हणून हे पत्र. डॉक्टरीणबाईंनी जे कळवलं ते आजाराचं, हे सुंदुसचं. बापाने सही केली तर काकू दहाच्या बसने तिला घेऊन निघतील आणि हे तुमच्या हातात देतील. ती तुमच्यासमोर शिव्या देईल, कदाचित चावेल. डूल तिला परत मिळालेत, ते घातलेत का तेवढं बघा. सही नाही झाली तर काय, ते अजून ठरवलेलं नाही. मी स्टँडसमोरच्या कॉफीच्या दुकानात बसून लिहितोय आणि साडेनऊ... थांबा, सिस्टर. लखदरकाका आलेत. खरंच, माझ्या टेबलासमोर उभे आहेत, लग्नाकार्याला घालायचा लोकरी झगा, बर्नूस, अंगावर, बगलेत कुटुंबाची कागदपत्रं, हातात खजुराचा एक घड, बाळाला धरावं तसा. मागे काकू आणि सुंदुस. डूल कानात आहेत. आवाज इतका खाली, की मला पुढे वाकून ऐकावं लागलं. म्हणाले, 'मी विचारलं तिला. तो शब्द माझ्या तोंडाने उच्चारून विचारलं. तिने उत्तर दिलं मला.' मग खाकरून नेहमीच्या आवाजात, 'लिहितोस काय अजून, मासळी? बस सुटेल! त्या सिस्टरला लिही, बापही येतोय.'

तुमचाच,
नदीर