काशीच्या कविता कुलपात

४ फेब्रुवारी
खटाक्-धडाक, खटाक्-धडाक! सकाळपासून फणसवाडीतल्या आमच्या जुन्या छापखान्याचं मशीन कानात चालू आहे. कारण माझा अंगठा. फोनला तो ओळखताच येईना! जन्मभर शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, जुळवून बोटांवरच्या रेषाच पुसल्यात. "बाबा, फोनच्या मते तुम्ही नाहीच आहात!" – सूनबाई मनवा.
पण कुलूप लावायचंच. आत काशीच्या कविता आहेत.

५ फेब्रुवारी
काशी – माझ्या वर्गातली. कविता म्हणायला बाई तिलाच उभी करत. मी खिडकीबाहेर बघत ऐकत असे. पुढे ती मासे विकायला बसली, मी छापखान्यात. गेल्या वर्षी दादरच्या बाजारात अचानक भेटली. आता स्वतःच कविता रचते, फोनमध्ये बोलून मला पाठवते. समुद्राला काय झापते! शाळेतल्यासारखं मला अजून हेमाच म्हणते – "हेमा, कोनाला ऐकवू नको हां. सून हसंल माझी. मी तर लगेच पुसून टाकते." शब्द दिलाय.
आणि आमच्या घरात माझा फोन म्हणजे पाण्याचं पिंप – येईल तो हात बुडवतो. मुलगा उन्मेष म्हणाला, "बाबा, फोन भरलाय. रविवारी नको ते उडवतो." नको ते!

६ फेब्रुवारी
शेजारच्या चिंतामणीला विचारलं. "नंबर टाक की. जन्मतारीख सोडून. काय रे, या वयात प्रेमपत्रं?" गाढव!
नंबर ठरला. खिळ्यांच्या पेटीत 'क' आणि 'श' ज्या घरांत बसत, त्या घरांचे आकडे. कुठे लिहून ठेवायला नको. सगळ्या कविता फोनमधल्या कुलपाच्या फोल्डरमध्ये गेल्या. एक प्रत मेमरी कार्डावर – तेही कुलूपबंद.

८ फेब्रुवारी
उन्मेष – "हे बंद काय आहे? घरच्यांपासून लपवाछपवी?"
"माझं आहे. हात लावायचा नाही."
पोराशी इतकं सरळ कधी बोललो नव्हतो. बरं वाटलं!

१५ फेब्रुवारी
काशीचं काहीच नाही. फोनही उचलत नाही.

२० फेब्रुवारी
दुपारी बेल वाजली. दारात अनोळखी बाई, जिना चढून धापा टाकत – "मी शेफाली. काशीबाईंची सून." जिला घाबरून काशी सगळं पुसत असे, तीच!
"काका, आईंच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज गेला. परत नाही येणार. त्या फोनमध्ये कविता बोलायच्या ना, मी दाराआड उभी राहून ऐकायची. काम टाकून. त्यांच्या फोनात एकपण नाही राहिली... तुमच्याकडे असतील ना?"
शब्द काशीला दिला होता. फोन खिशात घातला, चपला चढवल्या. म्हटलं, "चल पोरी. तिलाच विचारू."