सदऱ्यावरची सात नंबरची जर्सी

साखरा, मंगळवार, दिवेलागण

आज बाबा रुसले. त्यांच्या लाडक्या बास्केटबॉल खेळाडूची, मी आणलेली सात नंबरची जर्सी सदऱ्यावर चढवलेलीच होती, आणि तो खेळाडू आपला संघ सोडून गेल्याचं मोबाईलवर कळलं. "काहून गेला? बोली मोडून पळाला न!"

बाबा मेंढरंवाले. खतासाठी शेतकऱ्याच्या रानात मेंढ्या बसवल्या की बोलीत ठरल्या तेवढ्या रात्री पुऱ्या करायच्या. अधेमधे मेंढ्यांभोवतीची जाळी उचलून निघणं त्यांच्या लेखी पाप. मी समजावलं, त्याचा करार सरला होता. मग खेळाडू मोकळा असतो. जिथं जिंकायची आशा आणि पैसा बरा, तिथं जातो. करार चालू असला तर मात्र संघवालेच अदलाबदल करतात, बहुतेकदा खेळाडूला न विचारता.

"इचारत बी न्हाईत? मेंढरू हाय का ते?" आता हे त्याच्याच बाजूनं भांडायला लागले. माझं गुणाचं म्हातारं!

पण मी कशाला एवढी वकिली करत होते? नांदेडच्या शाळेचं नोकरीचं बोलावणं आठ दिवस झाले पर्समध्ये आहे. इथं मी खेळाची कंत्राटी शिक्षिका. बाबांना एकटं ठेवून... तोंडच उघडत नाही.

वाटलं, जर्सी काढून फेकतील. काढली नाही. उलट खाली ओढून नीट केली. "बोली पुरी करून गेला, मंग पळाला न्हाई."

मग मेंढ्यांकडं बघतच म्हणाले, "तुजा करार कवा सरतो, माय?"